मेंदूचं वय चौतीस

मला दोन पडदे आहेत आणि मधे एक बिजागरी. मिटलं की मी तुमच्या कंपासपेटीएवढा होतो आणि आतला सगळा उजेड जातो. आता मी जुना झालोय. झाकणावर मोठा चरा आहे. एक बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू तांबडे पडलेत. माझ्यासोबत आलेली प्लास्टिकची काडी केव्हाच हरवली. तिच्या जागी माडाच्या झावळीचा हीर तासून केलेली काडी आहे. ती कोणी तासली ते पुढे येईलच.

मित्रांनो, मी हातात धरून खेळायचा गेम आहे. मारामारीचा नाही, गाड्या पळवायचाही नाही. माझ्यात मेंदूचे खेळ आहेत. पटापट बेरजा करा, आकडे लक्षात ठेवा, रंग ओळखा, ठोकळे सरकवा. माझ्या डब्यावर छापलेलं होतं, 'रोज थोडा वेळ द्या, मेंदू तरुण ठेवा.' हे वाक्य मी आज तुमच्यासमोर फाडणार आहे. ज्यांना गोड गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरं पान उघडावं.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं, तपासलं आणि खोक्यात बंद केलं. खोक्यातून सुटलो तो थेट पुण्यातल्या एका मुलाच्या हातात. त्याची आई येईल-जाईल त्याला सांगायची, "आमचा मुलगा नुसते गेम खेळत नाही हं, ब्रेन ट्रेनिंग करतो." मुलगा करायचा काय? तेच तेच सोपं कोडं पुन्हा पुन्हा सोडवून शाबासकी मिळवायचा. मीही द्यायचो. मला तेवढंच येतं.

मग सुट्टीत ते कुटुंब कोकणात आलं. कुणकेश्वराचं दर्शन झालं, सुरमई खाऊन झाली, फोटो काढून झाले. जाताना मुलाने मला गादी आणि भिंतीच्या फटीत विसरलं. एक फोन करून विचारावं असंही त्यांना वाटलं नाही. तिकडे नवा गेम आला असेल.

ती गादी होती सुदेश घाडी यांच्या घरातली. किनाऱ्याला लागून घर, आणि मागच्या बाजूला पर्यटकांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. चादरी बदलताना सुदेशच्या बायकोला, स्वप्नाला, मी सापडलो. बाईने मला पुसलं आणि काउंटरच्या खणात ठेवलं. कोणी मागायला आलंच तर देता येईल म्हणून. त्या खणात माझ्या शेजारी एक गॉगल होता, एकाच पायाचा सँडल होता, एक कवळी होती. आम्ही सगळे विसरलेले. दिवसातून एकदोनदा खण उघडायचा, हात यायचा, किल्ली घेऊन जायचा. बाकी काळोख.

मला खणातून बाहेर काढलं ते लवू घाडींमुळे.

लवू म्हणजे सुदेशचे वडील. एस.टी.त कंडक्टर होते. देवगड डेपोत जन्म गेला. पण गावात त्यांची ओळख वेगळी होती. रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाडींच्या घराण्याचा. जत्रेच्या दिवशी पालखी बाहेर पडण्याआधी घाडीने देवासमोर उभं राहायचं आणि साऱ्या गावाच्या वतीने देवाला सांगायचं, अमुक संकट टाळ, तमुक लेकराला सांभाळ. प्रत्येक मागणीला जमलेला गाव एका सुरात म्हणतो, 'व्हय महाराजा!' गावाने व्हय म्हटलं की ती मागणी देवाकडे पोचली. मग तिच्यातून माणसांनाही मागे फिरता येत नाही.

लवूंचं गाऱ्हाणं लांबलचक. बारा वाड्या, सगळी देवस्थानं, मुंबईला गेलेले, बोटीवर गेलेले, सगळ्यांची त्यात जागा. कधी कागद लागला नाही.

आणि मग लवू विसरायला लागले.

आधी चष्मा विसरले, ते सगळेच विसरतात. मग जेवल्याचं विसरले. मग एके सकाळी घरातून निघाले, मोठ्या रस्त्याला जाऊन एस.टी.त चढले आणि चालू गाडीत लोकांकडे तिकिटं मागायला लागले.

"तिकीट, तिकीट. खंय उतरतलात? सुटे काढून ठेवा."

लोक हसले. दोघांनी म्हणे खरोखर सुटे काढून दिले. गाडीच्या कंडक्टरने त्यांना ओळखलं. तो बिचारा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने त्यांना वैभववाडीच्या स्टँडवर उतरवून चहा पाजला आणि घरी फोन केला.

सुदेश जाऊन घेऊन आला. गावात विचारणाऱ्याला त्याने सांगितलं, "बाबा देवळाच्या कामाक गेल्ले." आणि त्याच संध्याकाळी तीन नंबरच्या खोलीला बाहेरून कडी बसवली.

नर्मदा, लवूंची बायको, दारात आडवी उभी राहिली.

"सुदेशा, तू बापाशीक कोंडतंस?"

"कोंडणय नाय गो आये. जपतंय. परत खंय गेले तर?"

"डॉक्टराकडे ने. गोव्याक मोठा हॉस्पिटल आसा."

"आणि लोकांनी इचारल्यार काय सांगू? घाड्याक येड लागला म्हणान? जत्रा तोंडावर इली. मान जायत हातातलो."

"मान गेलो चुलीत!"

"तू गप रव आये. ह्या वर्साचा गाऱ्हाणा बाबांनी घातला की झाला. मगे मी शिकतंय, मगे डॉक्टर."

मित्रांनो, हा सुदेश वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला त्याच्यावर इतका राग आला नसता. तो बापाला वेळेवर जेवायला द्यायचा. खोलीत एसी होता, टीव्ही होता, खिडकीतून समुद्र दिसायचा. पर्यटक ह्याच खोलीसाठी भांडतात. फक्त खिडकीला गज होते आणि कडी बाहेरून होती.

सुदेशला कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. म्हाताऱ्यांनी मेंदूचे खेळ खेळले की विस्मरण पळतं म्हणे. तेव्हा स्वप्नाला मी आठवलो. तिने चार्जर शोधला, मला पुसलं आणि लवूंच्या हातात दिलं.

"बाबा, ह्यां बघा. गणितां आसत ह्यात. तुमका आवडतली."

लवूंनी मला उलटंपालटं करून बघितलं.

"तिकिटाचा यंत्र नवीन इला?"

"तसाच समजा," स्वप्ना म्हणाली, आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, सात अधिक आठ? त्यांनी पडद्यावर पंधरा लिहिलं. मी टिंग केलं. तेरा वजा सहा? सात. टिंग. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काय आलं म्हणून सांगू! गर्दीच्या गाडीत, घाटाच्या वळणावर, एका पायावर उभं राहून पैसे परत देणारा माणूस तो. हिशेब त्यांच्या बोटांत मुरलेला होता. डोकं विसरलं तरी बोटं विसरली नव्हती.

लोक आमच्यासारख्या गेमला का चिकटतात ते मी तुम्हाला सांगतो. त्या घरात सकाळपासून प्रत्येक जण लवूंची परीक्षा घ्यायचा. "बाबा, मी कोण सांगा?" "काल कोण इल्लो सांगा बघया?" "आज वार खयचो?" उत्तर चुकलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. माझा चेहरा पडत नाही. मला चेहराच नाही. मी फक्त असे प्रश्न विचारतो ज्यांना उत्तर आहे, आणि उत्तर दिलं की लगेच शाबासकी देतो. आयुष्य असं कधी वागतं? कधीच नाही. म्हणून मोठमोठी शहाणी माणसंसुद्धा माझ्यासमोर तासन्‌तास मान खाली घालून बसतात. एवढीशी जागा, एवढासा प्रश्न, एवढासा विजय. फसायला फार छान जागा आहे ही.

लवूंचा सगळ्यात आवडता खेळ ठोकळ्यांचा. एका चौकोनात आडवेउभे लाकडी ठोकळे अडकलेले असतात. त्यांत एक लाल. बाकीचे पुढेमागे सरकवून लाल ठोकळ्याला दारातून बाहेर काढायचं. लवू त्याला ठोकळा म्हणायचेच नाहीत.

"गाडी अडाकली," ते म्हणायचे. "जरा मागे घे. हां, हां, येवंदे, येवंदे... सुटली!" आणि लाल ठोकळा बाहेर पडला की मधल्या बोटाने खाटेच्या दांडीवर दोन टिचक्या मारायचे. डबल बेल. गाडी निघाली.

खाटेच्या दांडीवर डबल बेल वाजायची आणि दाराला बाहेरून कडी. ह्यावर मी काही बोलत नाही. तुम्हीच विचार करा.

नर्मदा पेज घेऊन यायची. तिच्या हातात ताटली असायची म्हणून तेवढ्यापुरती कडी निघायची. माझी काडी हरवल्यावर अंगणातल्या माडाचा हीर तिनेच तासून दिला. ती शेजारी बसायची.

"आयकलात? चला, दर्याकडे जाव्या. थोडे पाय मोकळे करा."

लवू वर बघायचे. उठायचेसुद्धा. पण दाराशी सुदेश असायचा.

"आये, खेळतत मा? खेळांदे. सुधारतत ते. आकडो बघलंस काय?"

हा आकडा म्हणजे माझं सगळ्यात मोठं पाप. पण ते पाप मी केलेलं नाही. मला बनवणाऱ्याने ते माझ्या पोटात भरून पाठवलं. रोज खेळ संपला की मी पडद्यावर सांगतो, तुमच्या मेंदूचं वय इतकं इतकं. सुरुवातीला लवूंचं सत्तरच्या घरात होतं. मग साठ, पन्नास, चाळीस. आणि एके दिवशी चौतीस.

सुदेश घरभर नाचला. "चवतीस! माझ्यापेक्षा ल्हान झाले बाबा!"

त्याच दुपारी लवूंनी नर्मदेला विचारलं, "बाये, तू खंयची? कोणाकडे इलंस?"

तिने खाटेवर सांडलेली शितं वेचली. ताटली घेऊन उठली. दाराबाहेर गेल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली असावी, कारण पावलं पुढे गेलेली मला ऐकू आली नाहीत.

खरं काय ते मी सांगतो, माझ्या डब्याने सांगितलं नाही. माझ्या बेरजा रोज करणारा माणूस माझ्या बेरजांत पटाईत होतो. संपलं. माझे ठोकळे सरकवणारा माझे ठोकळे झटपट सरकवतो. त्याने बायकोचं नाव परत येत नाही. देवळाची वाट परत येत नाही. मला हे सगळं दिसत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. मला फक्त टिंग करता येतं. खोलीत आम्ही दोघं कोंडलेले होतो, आणि दोघांनाही जे सांगायचं होतं त्याचं बटण आमच्यात नव्हतं.

जत्रेआधी देवळात सात मानकऱ्यांची बैठक बसली. एस.टी.तली गोष्ट तोवर गावभर झालीच होती. मानकऱ्यांत वडीलधारे म्हणजे भाई. भाईंनी सुपारी कातरता कातरता विषय काढला.

"सुदेश, लवूची तब्येत बरी मा? नाय, लोक बोलतत म्हणान इचारतंय. गाऱ्हाणा अर्ध्यार रवला तर देवाक काय तोंड दाखवचा?"

सुदेशने खिशातून मला काढलं. देवाच्या सभामंडपात, समईच्या उजेडात, त्याने मला उघडलं आणि भाईंच्या नाकासमोर धरलं.

"ह्यां बघा भाई. मेंदूचा वय. चवतीस."

भाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "ह्यां कोण सांगता?"

"मशीन सांगता. परदेशातला आसा."

"परदेशातला," भाई म्हणाले आणि मला पुढच्याकडे दिलं. मी हातोहात फिरलो. सगळ्यांनी आकडा बघितला. एकाने विचारलं, "माझा किती भरात रे?" दुसरा म्हणाला, "तुझा मशीनीत मावाचा नाय." हशा झाला. सुपारी वाटली गेली. लवूच गाऱ्हाणं घालणार, ठरलं.

सात माणसांनी एका खेळण्याला विचारलं. लवूंना कोणीच विचारलं नाही. ते तेव्हा तीन नंबरच्या खोलीत होते.

जत्रेचा दिवस. दुपारची वेळ. देऊळ भरून मुंबईकर, चाकरमानी, पोरंबाळं, खाज्याचा गोड वास. लवूंना नवा सदरा घातला होता. मला खोलीत ठेवायला ते तयार होईनात म्हणून मी त्यांच्या खिशात. सुदेश त्यांच्या शेजारी. तो कानाशी सारखा सांगत होता, "बाबा, रोज घालतास तसाच." रोज! बिचाऱ्याला काय बोलतो तेही कळत नव्हतं.

ढोल थांबला. लवूंनी हात जोडले. आवाज खणखणीत निघाला.

"बा देवा महाराजाऽऽ..."

"व्हय महाराजा!" छपराची कौलं हलली.

"आज ह्यो तुझो लवू, गावाच्या वतीन तुझ्या पायाकडे उभो आसा रे महाराजा..."

"व्हय महाराजा!"

आणि पुढे काहीच नाही.

लोक वाट बघत राहिले. लवूंचे ओठ हलत होते. कोणी खाकरलं. सुदेश बाजूने कोपर ढोसत होता, ते मला खिशात लागत होतं. मग लवूंचा हात खिशात आला. त्यांनी मला बाहेर काढलं आणि देवासमोर उघडलं.

माझं तोंड उघडलं की माझ्यातून एक नाचरं गाणं वाजतं. ते वाजलं. मागे दोन पोरं हसली. लवू माझ्याकडे बघत होते. मी नेहमी उत्तर बरोबर असल्याचं सांगतो, म्हणून त्यांना वाटलं असेल की आजही मी सांगेन. मी काय सांगणार? मी विचारलं, नऊ अधिक चार?

त्यांनी तेरा लिहिलं. टिंग.

सगळ्या देवळाने ते टिंग ऐकलं.

लवूंनी मला मिटलं. देवाकडे वर बघितलं. आणि ते बोलायला लागले. हळू, पण शेवटच्या खांबापर्यंत पोचेल असं.

"माका फुडचा आठवना नाय रे महाराजा."

अशा मागणीला काय म्हणतात ते कोणाला ठाऊक नव्हतं.

"खूप दिस झाले. बायलेचा नाव इसारतंय. घराचो रस्तो इसारतंय. माका भ्या वाटता, ता कोणाक सांगूक मिळणा नाय रे महाराजा."

"बाबा," सुदेश कुजबुजला, "बाबा, पुरे."

"ह्येंनी माका खोलीत कडी घालून ठेवल्यानी. ती कडी काढूची बुद्धी माझ्या झिलाक दी रे महाराजा! कोणाचो तरी हात धरून माका दर्यार जावक मिळांदे रे महाराजा!"

मग बायकांच्या बाजूने एकटा आवाज आला. गाऱ्हाण्यात बायका पुढे होऊन बोलत नाहीत. पण तो नर्मदेचा आवाज होता, आणि तो फाटला होता.

"व्हय महाराजा!"

आणि मग साऱ्या देवळाने, त्या हसलेल्या पोरांसकट, मुंबईकरांसकट, सात मानकऱ्यांसकट, एकदम म्हटलं, "व्हय महाराजा!"

लवूंनी हात खाली केले. पुढे त्यांना काही मागायचं नव्हतं.

भाईंनी नारळ उचलला, पण फोडला नाही. आधी सुदेशकडे वळले. "आता तुझ्या हातात नाय हां सुदेश. गावान देवाकडे व्हय म्हटल्यान. मशीन नेऊन खंय ठेवचा थंय ठेव. आणि चूक आमचीय आसा. आमी पण आकडोच बघलव." मग त्यांनी नारळ फोडला आणि पालखी उठली.

त्याच संध्याकाळी सुदेशने स्वतः पेचकस घेऊन तीन नंबरची कडी काढली. स्क्रू गंजलेले होते, निघेनात. एक काढताना बोट कापलं. तो दाराशी बसून लहान मुलासारखा रडला. नर्मदेने त्याच्या बोटाला चिंधी बांधली आणि म्हणाली, "उठ. बाप वाट बघता तुझी."

मग ते बांद्यावरून गोव्याच्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टरने सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, पण औषध आहे, काळजी घेता येईल. आणि एकटं ठेवू नका, माणसांत ठेवा. डॉक्टरने त्यांना अजून एक गोष्ट विचारली, ती मी स्वप्नाच्या तोंडून ऐकली. "इतके दिवस का थांबलात?" सुदेश बोटाची चिंधी चाचपत राहिला. टिंग झालं नाही.

आता लवू रोज दर्यावर जातात. कधी सुदेशचा हात धरून, कधी नर्मदेचा. तिचं नाव त्यांना आठवत नाही. तरी परवा काउंटरच्या खिडकीखालून जाताना ते तिला म्हणत होते, "तू बरी आसस गो. रोज येशीत?"

"येयन," ती म्हणाली. "खंय जातलंय मी?"

आणि मी? मी परत काउंटरच्या खणात आहे. गॉगल आहे, सँडल आहे, कवळी आहे. मिटलेला आहे, म्हणून काळोख. बॅटरी संपली तेव्हा ठोकळ्यांचं एक कोडं अर्धवट राहिलं. लाल ठोकळा आणखी एकदाच सरकवला की दाराबाहेर पडेल. मित्रांनो, मला माझी दया येत नाही, तुम्हीही करू नका. मी प्लास्टिक आहे. मला खेळा, हरकत नाही. माझ्यात मजा आहे, ती मी नाकारत नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात मला देऊन तुम्ही उठून जाऊ नका. माझा आकडा कोणाला दाखवू नका. तो खोटा आहे. आणि माझ्या लाल ठोकळ्याला सोडवायला बसण्याआधी एकदा उठा, घरात फिरा, आणि कुठल्या दाराला बाहेरून कडी आहे ते बघा.

असेल तर आधी ती काढा. स्क्रू गंजलेला असला तरी.